कल्ले शिवलेला मासा

माझ्या मुलीने चार महिने खपून तयार केलेले तीन पोशाख मी एका सकाळीत दुरुस्त करून दिले. त्यानंतर ती माझ्याशी अकरा दिवस बोलली नाही.

'दुरुस्त' हा शब्द माझा आहे. तिने जो शब्द वापरला तो इंग्रजी होता. (मला आधी वाटलं, कौतुकच असेल.)

भंडाऱ्याजवळ वरठीला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर. सत्तावीस वर्षं झाली ब्लाउज, पंजाबी ड्रेस आणि गाऊन शिवतो आहे, आणि एवढ्या वर्षांत 'शिवण उसवली' अशी तक्रार घेऊन एकही बाई आलेली नाही. घट्ट झालं, सैल झालं, गळा भलतीकडेच गेला, हे सांगायला पुष्कळ आल्या. पण उसवलं म्हणून कोणी नाही. मी प्रत्येक शिवण दोनदा मारतो. माझे ब्लाउज फाटतात, नाही असं नाही. पण फाटतं ते शिवणीच्या बाजूचं कापड. शिवण जागच्या जागी असते.

माझी एकुलती एक मुलगी स्नेहल नागपूरला फॅशन डिझाइनच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. शेवटच्या वर्षी प्रत्येकाला तीन पोशाख बनवून स्टेजवर मुलींच्या अंगावर दाखवावे लागतात. मुंबईहून परीक्षक येतात. मार्क त्यावर, आणि बऱ्याचदा नोकरीही त्यावरच. असे हातानं बनवलेले, जगात एकच नग असलेले भारी पोशाख म्हणजे 'कुतूर'. हा शब्द तिने फोनवर सांगितला तेव्हा मला ते तुमसरच्या पुढचं एखादं गाव वाटलं.

"विषय काय घेतला बेटा?" मी विचारलं.

"समुद्रातले जीव अन् माणसाचं शरीर."

"दोन्ही?"

"आतून दोन्ही सारखेच असतात बाबा. तेच तर दाखवून राहिली मी."

आमच्या घरात समुद्र कोणीच पाहिलेला नाही. सगळ्यात मोठं पाणी पाहिलं ते गोसीखुर्द धरणाचं, आणि तिथेही माझी बायको वंदना पूर्ण वेळ पाण्याकडे पाठ करून झिंग्यांचा भाव करत होती. शरीराचं म्हणाल, तर मी सत्तावीस वर्षं ते टेपनं मोजतो आहे. पण छाती, कंबर आणि बाहीची लांबी यापलीकडे आमची ओळख गेली नाही.

शो रविवारी संध्याकाळी सहा वाजता होता. शनिवारी स्नेहल तिन्ही पोशाख घेऊन घरी आली, कारण हॉस्टेलची इस्त्री कुणाच्या तरी ओढणीसकट जळाली होती. रविवारी सकाळी आठला तिने स्कूटी काढली. भंडाऱ्याच्या एका बाईकडे शिंपल्यांचे दागिने करायला दिले होते, ते आणायचे होते.

"बाबा, तिन्हीले फक्त इस्त्री करून ठेवजा. कोसा आहे, हलक्या हातानं. दुसरं काही करू नोका."

"म्हणजे काय करू नको?"

"काईच करू नोका."

(एवढं मोघम सांगितल्यावर माणसानं काय समजायचं?)

इस्त्री तापेपर्यंत मी पहिला पोशाख टेबलावर पसरला. मोहाडीच्या विणकराकडून आणलेला अस्सल कोसा, म्हणजे आमच्याकडचं टसर रेशीम, पायापर्यंत गाऊन, अंगासरशी बसणारा. कटिंग इतकं सुंदर की मला दोन मिनिटं काही सुचेना. पोरीचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, हे मला तिथेच कळलं. मग मी तो बाजूने उलटला. दोन्ही कुशींना सहा-सहा आडव्या चिरा. उघड्या. शिवलेल्याच नाहीत. शिवाय एक चीर खालून थेट मांडीपर्यंत.

दुसरा पोशाख छोटा फ्रॉक होता, छत्रीसारखा फुगलेला, आणि त्याच्या घेरातून कापूस भरलेल्या अठरा लांबलचक नळ्या खाली लोंबत होत्या. तिसऱ्याच्या सगळ्या कडांचे धागे सुटलेले, जणू कडा मुडपायच्याच राहून गेल्या. आणि त्याला बाही एकच. उजवी.

मी वंदनाला हाक मारली. तिने ओल्या हातानंच पहिला गाऊन उचलला.

"उंदरानं खाल्लं का हो हे?"

"मासा हाय म्हणे."

"मंग मांजरानं खाल्लं असन."

आम्ही दोघं त्या एका बाहीकडे पाहत उभे राहिलो. हसू आलं होतं, पण ते टिकलं नाही. मला सगळं एकदम लक्षात आलं. पोरीला वेळ पुरला नव्हता. चार महिने फोनवर 'हो बाबा, होऊन राहिलं' म्हणत होती आणि होत नव्हतं. दुसऱ्या बाहीला कापडही कमी पडलं असणार.

"सांगाले लाजली," मी म्हणालो.

"तुमच्यावर गेली हाय," वंदना म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. "टेलरची पोर अन् अर्धे कपडे घेऊन जाईन का ते लोकाईसमोर? बसा मशीनवर. मी चहा आणतो." (आमच्याकडे बायाही रागात 'आणतो' म्हणतात. रागात नसल्या तर चहाच आणत नाहीत.)

मी बसलो. बाप म्हणून आयुष्यात एकदा तरी मुलीच्या नेमक्या अडचणीत नेमकं आपलंच कौशल्य उपयोगी पडावं, असं कुणाला वाटत नाही? डॉक्टरच्या मुलीला ताप येतो, वकिलाच्या मुलीचं भांडण होतं. टेलरच्या मुलीचं कधी काय अडतं? माझं भाग्य त्या सकाळी उघडलं होतं.

पहिल्या गाऊनच्या बारा चिरा मी बंद केल्या. दुहेरी शिवण, दोन्ही टोकांना गाठ. मांडीपर्यंतची चीर घोट्यापर्यंत बंद केली आणि तिथे मजबुतीसाठी तिसऱ्यांदाही मशीन फिरवली. तेवढ्यात ब्लाउज न्यायला डोंगरे मॅडम आल्या. या आमच्या इथल्या शाळेत आठवी ते दहावी विज्ञान शिकवतात. मी त्यांना अभिमानानं पोशाखांचा विषय सांगितला. त्यांनी चष्मा लावून गाऊन जवळून पाहिला.

"या फासळ्या आहेत का?"

"असतील."

"एका बाजूले सहाच कशा? माणसाले बारा असतात. मी पोरांचे यातच अर्धे मार्क कापत असतो."

मार्क कापले जाणार हे ऐकून मी गप्प बसणार होतो का? गळ्याच्या कडेला लावतात तसल्या पांढऱ्या पायपिनच्या पट्ट्या लावून मी दोन्ही बाजूंना उरलेल्या सहा-सहा फासळ्या पूर्ण केल्या. मॅडमनी बोट लावून मोजल्या, "आता बरोबर," म्हणाल्या आणि आपला ब्लाउज घेऊन गेल्या.

फ्रॉकच्या अठरा नळ्या कापायला वेळ लागला नाही. त्या पायात अडकून पोरगी पडली असती. घेराला वरून नाजूक लेस लावली. तिसऱ्या पोशाखाच्या कडा मुडपल्या, त्यावर पिको मारला. डावी बाही करायला माझ्याकडे कोसा नव्हता, पण एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजचं उरलेलं त्याच रंगाचं सॅटिन होतं. जवळून फरक दिसायचा. म्हणून मी बाहीवर एक छोटा बो लावला, म्हणजे नजर तिकडे जाईल.

मग मी तिन्हीला इस्त्री केली. हलक्या हातानं. सांगितलं होतं ना.

स्नेहल साडेबाराला परतली तेव्हा नागपूरला न्यायची गाडी दारात उभी होती आणि तिन्ही पोशाख वेगवेगळ्या कागदात गुंडाळून, वर दोरीसारखं काहीतरी आवळून, वंदनानं डिकीत ठेवले होते.

"झाली इस्त्री?"

"झाली. तू निश्चिंत राहाय," मी म्हणालो.

रस्ताभर मी फार खूश होतो. दोन-तीनदा तर तोंडातून निघूनच जाणार होतं. पण वंदनानं प्रत्येक वेळी मला कोपर मारलं. तिचं म्हणणं, पोरीनं तिथे गठ्ठा उघडावा आणि तिच्या चेहऱ्यावरचा आनंद आपण पाहावा. मौद्याच्या पुढे गेल्यावर मात्र मला राहवलं नाही.

"बेटा, आता जजले नाव ठेवाले जागा नाई उरली."

"तुमाले आवडले का खरंच?" तिने मागे वळून विचारलं. इतक्या आशेनं विचारलं की अजून आठवलं की मी विषय बदलतो.

सभागृहाच्या मागच्या बाजूला मेकअपची खोली होती आणि दारावर चौकीदार. आत फक्त मुली आणि बाया. वंदना आत गेली, मी पायऱ्यांवर थांबलो आणि आतून आनंदाचा आवाज कधी येतो त्याची वाट पाहू लागलो. आवाज आलाच नाही. दहा मिनिटांनी स्नेहल बाहेर आली. हातात पहिला गाऊन होता.

"बाबा, हे काय आहे?"

"शिवलं."

"कायले?"

"उसवलं होतं ना."

"उसवलं नव्हतं बाबा. ते कल्ले होते." तिचा आवाज अगदी हळू होता. ओरडली असती तर बरं झालं असतं. "मासा तिथून श्वास घेते. माणसाच्या फासळ्या अन् माशाचे कल्ले. ते उघडे होते म्हणून तर त्याले अर्थ होता. अन् या बारा कुठून आल्या?"

"डोंगरे मॅडम म्हणल्या..."

"अन् आतडी कुठं आहेत?"

"कोणती आतडी?"

"फ्रॉकची. जेलीफिशच्या सोंडा होत्या त्या, अन् आतडीबी. अठरा होत्या."

मला आठवेना. मग एकदम आठवलं. मी मान वळवून दारात उभ्या असलेल्या वंदनाकडे पाहिलं. वंदनानं हातातल्या गठ्ठ्याच्या दोरीकडे पाहिलं. वरठीपासून नागपूरपर्यंत पोशाख आम्ही पोशाखाच्याच आतड्यांनी आवळून आणले होते. सहा तेवढ्या कमी होत्या. त्यांनी तिने सोबत आणलेल्या जेवणाच्या डब्यांची झाकणं बांधली होती.

तिसऱ्या पोशाखाचं तिने विचारलंही नाही. ते म्हणजे पोवळं आणि फुप्फुस, हे मला मागाहून कळलं. सुटलेले धागे म्हणजे पोवळ्याची वाढ. आणि बाही एक, कारण एक फुप्फुस हरवलेलं. मी त्याला नवं फुप्फुस बसवलं होतं. सॅटिनचं. बो लावलेलं.

तिने तो इंग्रजी शब्द तेव्हा वापरला.

चार वाजले होते. तिचा नंबर साडेसहाला होता. मी खिशातून ब्लेड काढलं (हे मात्र माझ्याजवळ नेहमी असतं) आणि त्याच पायऱ्यांवर बसून माझीच शिवण उसवायला घेतली. सत्तावीस वर्षांत ही शिवण कशी असते ते मी पहिल्यांदाच दुसऱ्या बाजूनं अनुभवत होतो. दुहेरी. टोकाला गाठ. गाठीवर आणखी गाठ. अर्ध्या तासात एक कल्ला उघडला. कापड कोशाचं, जरा जोर लावला की चर्रकन जाईल. धागा मात्र हलायला तयार नाही. मी गिऱ्हाईक असतो आणि असा हट्टी टेलर भेटला असता तर मी त्याचं तोंड पाहिलं नसतं.

थोड्या वेळानं स्नेहल येऊन शेजारी बसली. तिसऱ्या पोशाखाचा पिको उसवू लागली.

"तुमी मले एक फोन काहून नाई केला?"

"तू मले अगोदर समजावून काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं ना. काईच करू नोका म्हणून सांगतलं."

सांगितलं होतं खरं. तरी मी बोललो. "मले वाटलं, तुले टाइम पुरला नाई. कपडा कमी पडला. सांगाले लाजली."

माझ्याकडे न पाहता तिने नवं ब्लेड पुढे केलं. "हे घ्या. त्याची धार गेली," एवढंच म्हणाली.

इकडे आतड्यांचा प्रश्न वंदनानं हातात घेतला. टाके घालायला वेळ नव्हता, म्हणून पिना हव्या होत्या. आमच्या बायांच्या बांगड्यांत सेफ्टी पिना असतातच. सभागृहात लोक येऊन बसू लागले होते. वंदना पहिल्या रांगेपासून सुरुवात करून प्रत्येक बाईपुढे हात करत गेली.

"बाई, एक पिन द्या. पोरीची आतडी लावाची हायेत."

बायांनी घाबरून दोन-दोन पिना दिल्या. एकीनं तर दवाखान्याचा पत्ता विचारला.

साडेसहाला तिसरा पोशाख मुलीच्या अंगावर चढला, सॅटिनचं फुप्फुस काढून. कडांचे धागे अर्धे सुटले होते, अर्धे नव्हते. फ्रॉकला अठराही नळ्या लागल्या, पण पिना घाईत टोचलेल्या. फ्रॉक घातलेली पोरगी स्टेजवर दर चार पावलांना 'स्स' करून वाकडी व्हायची. प्रेक्षकांना ते जेलीफिशचं पोहणं वाटलं. परीक्षकांना वाटलं नाही. मी त्यांच्याकडेच पाहत होतो.

आणि पहिला गाऊन? बारांपैकी फक्त पाच कल्ले उघडले होते. खालची, तिसऱ्यांदा मशीन फिरवलेली चीर तर बोटभरही हलली नव्हती. स्नेहलनं तो गाऊन हातात घेतला, एक मोठा श्वास घेतला आणि म्हणाली, "जाऊ द्या. असाच दाखवते. शेवटी."

तो ऋतुजा नावाच्या उंच मुलीच्या अंगावर चढवला. चढला छान. घोट्यापाशी मात्र गाऊन इतका आवळ, की तिला वीतभराचंही पाऊल टाकता येईना. स्टेजला तीन पायऱ्या होत्या. ती पहिल्या पायरीशी थांबली आणि माझ्याकडे पाहू लागली. (त्या सभागृहात त्या वेळी सगळे कोणत्या ना कोणत्या कारणाने माझ्याकडेच पाहत होते, असा माझा समज आहे.) शेवटी मी आणि तो चौकीदार, दोघांनी मिळून तिला आडवी उचलली, तीन पायऱ्या चढवली आणि पडद्याच्या कडेला उभी करून दिली. तिथून ती उड्या मारत पुढे गेली. समुद्रातल्या जिवासारखी ती अजिबात दिसत नव्हती. पोत्यांच्या शर्यतीसारखी दिसत होती.

समोरच्या टेबलावर मुंबईहून आलेल्या परीक्षक बाई होत्या. पांढरे केस, काळे कपडे. त्यांनी माइक जवळ ओढला.

"स्नेहल, तुझ्या आराखड्यात या चिरा उघड्या आहेत. इथे त्या बंद का?"

मी पडद्याच्या आड होतो, हातात ब्लेड. मला वाटलं, आता पोरगी रडेल. नाहीतर माझं नाव सांगेल. दोन्ही तिच्या हक्काचं होतं.

स्नेहल सरळ उभी होती. "मॅडम," ती म्हणाली, "हा मासा माझ्या बाबांच्या हाती लागला."

लोक हसले. परीक्षक बाईही हसल्या, पण त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं, आणि ते बराच वेळ लिहीत होत्या.

परत आम्ही दोघंच निघालो. स्नेहल हॉस्टेलवरच राहिली. बक्षीस तिला मिळालं नाही, पण ती पास झाली. आणि जे दोन पोशाख थोडेफार वाचले होते त्यांचे फोटो पाहून आठवड्याभरातच पुण्याच्या एका डिझायनर बाईनं तिला कामावर घेतलं. कल्ल्यांचा गाऊनही तिने उरलेले सात कल्ले सावकाश उघडून पुण्याला सोबत न्यायला ठेवला. हे सगळं मला वंदनाकडून कळत होतं, कारण अकरा दिवस माझ्याशी बोलणं बंद होतं.

बाराव्या दिवशी ती घरी आली. दुकानात आली, एक कागद माझ्या मशीनवर ठेवला. परीक्षकांच्या शेऱ्याची झेरॉक्स होती. इंग्रजीत.

"वाचून दाखव," मी म्हणालो.

तिने वाचून अर्थ सांगितला. बाईंनी लिहिलं होतं, की बंद चिरांच्या गाऊनची शिलाई अप्रतिम आहे; इतकी सफाई आम्ही कित्येक वर्षांत पाहिली नाही. आणि त्याच कारणानं ही शिलाई विद्यार्थिनीची असू शकत नाही, हे उघड आहे. म्हणून तिचे शिलाईचे सगळे मार्क कापण्यात येत आहेत.

मी मान खाली घातली. बापाला वाईट वाटायला हवं होतं आणि वाटतही होतं, हे मी शपथेवर सांगतो. पण पहिलं वाक्य मी तिला आणखी दोनदा वाचायला लावलं.

"बाबा, तुमी खूश होऊन राहिले का?"

"नाई."

"होऊन राहिले."

"थोडासा," मी म्हणालो. आणि तेव्हा ती अकरा दिवसांत पहिल्यांदा हसली.

तो कागद आता दुकानात, आरशाच्या वर, फ्रेममध्ये आहे. सत्तावीस वर्षांत माझ्या कामाचं लेखी कौतुक तेवढंच. गिऱ्हाईक विचारतं, "काय लिहिलं हाय हो यात?" मी सांगतो, "मुंबईच्या जज बाईनं लिहून देल्लं, की अशी शिलाई त्याईनं पाहिली नाई." मार्कांचं वाक्य कोणाला दिसत नाही. फ्रेम बसवताना खालून मी कागदाचं मार्जिन जरा जास्त आत दाबलं.